सोनामायच्या दारावरचा निंब

आमच्या आरोग्य केंद्रात नवी लागलेली एक नर्सबाई होती. गोवराच्या लसीचा थंड डबा खांद्याला लटकवून दिवसभर गावं हिंडायची आणि संध्याकाळी परत आली की चपला झटकता झटकता माझ्यावर राग काढायची. "काका, तुमचं बरं होतं. तुमच्या देवीच्या लसीला कायदा होता. नाही म्हटलं की केस! आमच्या हातात काय आहे? नुसत्या विनवण्या." हे ऐंशीच्या दशकातलं. तोवर देवीचा रोग जगातून गेला होता, मी 'देवीवाला'चा 'बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी' झालो होतो. पगार जवळपास तेवढाच, नाव मात्र लांबलं. मी तिला म्हणायचो, "बाई, कायदा होता खरा. पण त्याला पाय नव्हते, आमचेच वापरायला लागायचे." ती हसून चहा टाकायला जायची. आता निवृत्त होऊन सिंदी मेघेच्या घरात निवांत बसलो आहे, तर त्या कायद्याची गोष्ट एकदा सगळी सांगून टाकतो.

आधी थोडं कामाविषयी. देवी काढणं म्हणजे देवीची लस टोचणं. माझ्या आधीच्या लोकांकडे फिरकी असायची. खाली बारीक काटे असलेली चकती, ती लेकराच्या हातावर टेकवायची आणि गर्रकन फिरवायची. पोरगं किंचाळायचं, आई शिव्या द्यायची, कुत्री भुंकायची. माझ्या वेळेपर्यंत दुतोंडी सुई आली. तिच्या दोन टोकांच्या मधे लसीचा एक थेंब अडकतो. ती खांद्याखाली भराभर टोचायची, कातडी जेमतेम ओलावेल इतकीच. लस धरली तर काही दिवसांनी तिथं फोड येतो, त्याची खपली होते, आणि जन्माचा वण राहतो. म्हणून आमच्या कामाचा खरा अर्धा भाग टोचणं नव्हे, तर आठवड्यानं परत जाऊन हात पाहणं. लस धरली की नाही, हात चिघळला तर नाही, हे पाहायचं. हा अर्धा भाग बरेच जण गिळून टाकत. टोचल्याची मोजदाद वर जाते, पाहिल्याची कोण विचारतो?

लोक आम्हाला पाहून पळत. मी सायकल गावाच्या वेशीला लावेपर्यंत निम्मी पोरं तुरीच्या वावरात गडप व्हायची. काही बाया मोठ्या गोडीनं टोचून घ्यायच्या आणि माझी पाठ वळली की पदरानं थेंब पुसून टाकायच्या. मी ही खोड ओळखून होतो. टोचलं की तिथंच बसून पाणी मागायचो, पीकपाण्याच्या गप्पा काढायचो, आणि लस सुकली की उठायचो. या उद्योगात मी जेवढं पाणी प्यालो तेवढं नदीनंही पाहिलं नसेल.

शेवटी शेवटी सरकारनं बक्षीस लावलं. देवीचा रोगी कळवा आणि पैसे मिळवा, असं गावोगावच्या भिंतींवर गेरूनं रंगवलं. मग काय विचारता! सिंदी रेल्वे या गावच्या कापूस बाजारातला एक हमाल आपल्या मेव्हण्याला मानगुटीला धरून आमच्या दवाखान्यात घेऊन आला. "हा घ्या देवीचा रोगी, आन मोजा पैसे." मेव्हण्याच्या अंगावर घामोळं होतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं तर हमाल चिडला, "आता घामोळं हाय जी, दोन दिवस ठेवून त पाहा!" मेव्हणा बिचारा दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. अशा रीतीनं सरकारच्या एका हातात बक्षीस होतं आणि दुसऱ्या हातात छडी. माझी खरी गोष्ट छडीची आहे.

छडी म्हणजे इंग्रजांच्या काळचा लसटोचणीचा कायदा. मूल जन्मलं की ठरलेल्या मुदतीत बापानं त्याला देवी काढून घ्याव्यात. नाही घेतल्या तर नोटीस, मग कोर्ट, मग दंड. कायदा वाचायला कडक वाटे. पण तो मी नीट वाचला तेव्हा लक्षात आलं, की दंड बापाला होतो आणि लस लेकराला लागते. बापाला कितीही दंड केला तरी लेकराचा हात जसाच्या तसा राहतो. धरून बांधून टोचा, असं त्यात मला कुठं दिसलं नाही.

गिरडच्या टेकडीच्या पलीकडे माझ्या हद्दीत एक गाव होतं. नाव सांगत नाही. तिथली लेकरं आता शिकून दिवाळी अंक वाचतात. त्या गावात सोनामाय राहायची. गावाच्या शिवेवर मोठ्या कडुनिंबाखाली मातामायचे शेंदूर लावलेले दगड होते, त्यांची सारी देखभाल तिच्याकडे. कोणाच्या घरी लेकराच्या अंगावर फोड आले, म्हणजे माता आली, की आधी सोनामायला बोलावणं जायचं. ती यायची, दारावर निंबाची डहाळी लावायची, आणि मग त्या घराचे नियम सुरू व्हायचे. फोडणी द्यायची नाही, चामड्याची वहाण आत न्यायची नाही, परक्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. रोग्याजवळ सोनामाय बसायची, पाल्यानं वारा घालायची, थंड पाणी शिंपडायची. रोगी बरा झाला की दहीभाताचा निवद दाखवून मातेला बोळवायची आणि निंब उतरवायची. एवढे रोगी हाताळून तिच्या स्वतःच्या तोंडावर एक वण नव्हता, हातावर लसीचीही खूण नव्हती. गाव म्हणायचं, मातेची तिच्यावर मर्जी आहे. मला मात्र तिच्या त्या बिनखुणेच्या हाताची धास्ती वाटायची.

बरीचशी मोठी माणसं मी हळूहळू टोचून काढली होती, पण सोनामायकडे पाहून अनेक घरांनी लेकरं टोचू दिली नव्हती, आणि त्यांत तिचा नातू गजूही होता. दीड-दोन वर्षांचं गुटगुटीत पोरगं. मी दारात गेलो की म्हातारी एवढंच म्हणायची, "आमच्या घरी नाई." का नाही, हे मी विचारत नसे, कारण मला ते ठाऊकच होतं असं मला वाटे. मातेची पुजारीण, ती लस कशी घेणार!

आमचे डॉक्टर साहेब तेव्हा नवे होते, पुण्याकडचे, तरुण, तळमळीचे. कामाला वाघ. त्यांनी सांगितलं, "एक केस कराच. बाकीच्यांना धाक बसेल." कायद्यानं पालक म्हणजे बाप. म्हणून सोनामायचा मुलगा देवराव याच्यावर केस झाली. देवराव म्हणजे गाईसारखा गरीब माणूस. हिंगणघाटच्या कोर्टात हात जोडून उभा राहिला. न्यायाधीशांनी चार शब्द सुनावले, दंड केला, त्यानं तो भरला. परतीच्या एसटीत आम्ही दोघं एकाच बाकावर. मला तोंड कुठं लपवावं कळेना. देवरावनं मात्र बसस्टँडवर घेतलेले फुटाणे माझ्यापुढे केले. "घ्या जी. तुमचं काम झालं ना? बरं झालं."

"माझं कसलं काम झालं? आता तरी गजूला देवी काढू द्या."

"माह्या हाती रायते का ते? मायले इचारा," तो म्हणाला. "तिच्यावर केस होत नाई का?"

मी म्हटलं, नाही, कायद्यात बापच आहे. त्यानं मान डोलावली आणि खिडकीबाहेर पाहत उरलेले फुटाणे खाल्ले.

ही गोष्ट इथंच संपली असती. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या गावच्या वीटभट्टीवर बाहेरून आलेला एक मजूर तापला आणि त्याच्या अंगावर फोड उठले. डॉक्टर साहेबांनी जाऊन पाहिलं. घामोळं नव्हतं, कांजण्या नव्हत्या. देवीच होत्या. त्याला एका वेगळ्या झोपडीत ठेवला, दारावर पहारा बसवला, आणि भोवतालच्या सगळ्या गावांना लसीचा घेरा घालायचं ठरलं. घेरा म्हणजे एकही माणूस कोरा सोडायचा नाही. आता गजूचा हात हा काही वरच्या कागदात भरायचा आकडा राहिला नव्हता. त्या भट्टीवरच्या बायका सोनामायच्याच गावात बाजाराला यायच्या. आणि कोणी बोलावलं असतं तर सोनामाय निंबाचा पाला घेऊन थेट त्या झोपडीत गेली असती, परत येऊन नातवाला मांडीवर घेतलं असतं. हे माझ्या डोळ्यांपुढे सारखं येत होतं.

साहेबांना मी सांगितलं, त्या घरचं अवघड आहे. साहेब म्हणाले, "आता लसीचा कायदा सोडा. साथीचा कायदा आहे, प्लेगच्या वेळचा. साथ आली की सरकार हवं ते करू शकतं. दोन पोलीस घेऊन जा, मूल धरा, टोचा. हे त्याच्या भल्यासाठीच आहे." त्यांचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. घरात पेटती चूल असली की माणूस लेकराचा हात ओढतोच.

तर आम्ही निघालो. मी, भोयर हवालदार आणि त्यांचा एक शिपाई. भोयर हवालदार म्हणजे मिशी, पोट आणि दरारा या तिन्ही बाबतींत पूर्ण माणूस. गावात शिरलो, सोनामायच्या घरापाशी आलो आणि जागीच थांबलो. दाराच्या चौकटीला ताजा हिरवागार निंब लावलेला होता.

म्हणजे घरात माता आली. गजूलाच की काय? तेवढ्यात त्याच निंबाखालून गजू बाहेर डोकावला. हातात ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, नाकाला शेंबूड, अंगावर एक पुरळ नाही. आम्हाला पाहून हसलासुद्धा. आतून कोणीतरी त्याला झग्याला धरून मागं ओढलं.

मी हवालदारांना हळूच म्हटलं, "पोरगं ठणठणीत आहे. निंब खोटा लावलाय."

"ते मलेबी दिसून राह्यलं," हवालदार म्हणाले.

"मग चला आत."

हवालदारांनी निंबाकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे आणि चामड्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. दोन पावलं मागं सरले आणि हात जोडले. "तुमी जा. मी बालबच्च्यावाला माणूस हाय. निंब खोटा हाय हे तुमी म्हंता, पन मातामायनं मनावर घेतलं त? सरकार माह्या पोट्ट्याले वाचवाले येईन का?" शिपाई तर त्याआधीच रस्त्याच्या पलीकडे गेला होता.

इंग्रजांनी केलेला, स्वराज्यानं जपलेला एवढा मोठा कायदा एका डहाळीपाशी येऊन थबकला. आणि खरं सांगायचं तर मलाही तो उंबरा ओलांडवेना. मी देवीवाला. देवीचं सारं शास्त्र मला पाठ. तरी पाय उचलेना. लहानपणी माझ्या आईनंही असाच निंब लावला होता आणि आम्ही त्याच्या आत बिनफोडणीचं वरण खाल्लं होतं.

आतून सोनामायचा आवाज आला, "माता आली हाय घरी. जा आपापल्या घरी."

आम्ही परत फिरलो. पण निंब काही परत फिरत नाही. सोनामायच्या दाराला निंब लागला, म्हणजे गावात माता आली, असं साऱ्या गावानं धरलं. दुपारपर्यंत आणखी पाचसहा दारांना डहाळ्या लागल्या. बाया तांब्यात पाणी आणि हातात नारळ घेऊन सोनामायच्या दाराशी येऊ लागल्या. माझे ओळखीचे लोक, ज्यांच्याकडे मी पोटभर पाणी प्यालो होतो, तेही म्हणाले, "आता नाई, भाऊ. मातामायले बोळवल्यावर या." घेरा राहिला बाजूला, गावच बंद झालं. शेजारी खरी देवी आणि इथं खोट्या निंबाआड कोरी माणसं. शेताच्या बांधावर, विहिरीपाशी जे भेटतील त्यांना आम्ही टोचत सुटलो, पण लहान लेकरं सारी दाराआड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गेलो. चपला वेशीवर सायकलीला अडकवल्या, टोपी काढून खिशात घातली आणि सोनामायच्या अंगणात, निंबाच्या बाहेर, जमिनीवर बसलो. बऱ्याच वेळानं म्हातारी दाराच्या आतल्या बाजूला येऊन बसली. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. मधे उंबरा आणि वर ती डहाळी.

"आज पोलीस नाई आनले?" ती म्हणाली.

"नाही, माय."

"मंग काऊन आला?"

आणि तेव्हा जे मी एवढ्या खेपांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "तू का नाही म्हणतेस, ते ऐकायला आलो. मातेला चालत नाही म्हणून का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत गणित चुकलेल्या पोराकडे मास्तर पाहतात. "मातेचं काऊन नाव घेतं? माता कधी म्हन्ते का लेकराले मार? गजूच्या आंधी कमल होती. माही नात. तुह्या आंधीचा देवीवाला आलता, ते फिरकी घेऊन. मीच धरली होती तिले, मांडीवर. मीच म्हनलं, टोच. चार दिवसांत हात एवढा सुजला. चिघळला. पू झाला. पोट्टी तापानं फनफनली. म्या सांगावा धाडला, देवीवाल्याले बोलवा. नाई आला. मी रोज वाटेवर जाऊन उभी राहो. कोनीच नाई आलं. पोट्टी गेली." ती थांबली. "गेल्यावरबी नाई आलं कोनी. केस कराले मात्र आले. हिंगणघाटले नेलं माह्या पोराले."

दाराआड तिची सून, कमलची आई, उभी होती. तिचा पदर तोंडाशी गेला होता. मला वाटलं होतं अंधश्रद्धा, आणि निघाली होती एक लेकरू गेलेली आजी. कायद्यात लेकराला न टोचवणाऱ्या बापाला दंड होता. टोचून परत न येणाऱ्याला काही होतं की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. कोणाला झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

"माय, निंब खोटा लावलास ना?" मी शेवटी विचारलं.

तिचे डोळे भरले. "लावला. तुह्या पोलिसाच्या भेवानं लावला. आता उतरवता येत नाई मले. बायका पानी घालून राह्यल्या, नारळ ठेवून राह्यल्या. मातेच्या नावानं खोटं बोल्ली मी, जन्मात पयल्यांदा. आता माह्या गजूले खरंच काई झालं त?"

मी तिला सुई दाखवली. फिरकी नाही, ही सुई. गरम करून शुद्ध केलेली, एकाला एक. तिनं उंबऱ्यावरून हात पुढे करून ती उलटीसुलटी पाहिली. मग बाही वर सरकवली आणि तो कोरा हात निंबाखालून बाहेर काढला.

"पयले मले टोच. मी पायतो काय होते ते. मंग पोराचं पाहू."

मी टोचलं, आणि फिरकीवाल्यानं जे कधी सांगितलं नव्हतं ते सारं सांगितलं. हात सुजेल. फोड येईल. काखेत गाठ येईल, बारीक तापही येईल. घाबरायचं नाही. राख, शेण, पाला काही बांधायचं नाही. खाजवायचं नाही. आठवड्यानं मी येऊन पाहीन.

"येशीन?"

"येईन."

तिनं हात निंबाच्या आत ओढून घेतला. हा शब्द तिनं आधीही ऐकला असावा.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीवरून उठलेच. "एक आठवडा? म्हातारीचा हात पाहत बसायचं आणि तोवर रोगानं थांबायचं? ते मूल दगावलं तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, साहेब, एकदा तुम्ही स्वतः चला. मला वाटलं नव्हतं, पण ते आले. दारापुढे आले, निंब पाहिला, माझे अनवाणी पाय पाहिले, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. तेवढ्यानंच आजूबाजूची माणसं जवळ सरकली.

सोनामायनं त्यांना निरखलं. "लेकरं हायेत का तुले, डाक्टर?"

"एक मुलगी आहे."

"तिले टोचलं?"

"हो. मी स्वतःच टोचलं."

"मंग तिचा हात पायत होता का, कसा हाय ते?"

"रोज पाहायचो," साहेब म्हणाले. "दिवसातून दोनदासुद्धा."

"मंग माह्या कमलचा कोनं पायाचा होता?"

साहेब मातीत मांडी घालून बसले, पांढऱ्या पँटनिशी. मग म्हणाले, "आजी, ते चुकलं. सरकारचं चुकलं." मी माझ्या नोकरीत सरकारचं चुकलं असं म्हणणारा साहेब क्वचितच पाहिला. जाताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "आठवडा दिला. पण त्या म्हातारीला वीटभट्टीकडे फिरकू देऊ नका." तिनं तसं वचन मला दिलं, आणि पाळलं.

तो आठवडा मी कसा काढला ते माझ्या बायकोला विचारा. जेवणात लक्ष नाही, कोणी हाक मारली की दचकायचो. गजू तापला असा निरोप आला तर काय करायचं, हेच डोक्यात. म्हाताऱ्या माणसाला पहिल्यांदाच लस टोचली होती, तिचा हात चिघळला तर तेही माझ्यावरच. देवराव एकदा बाजारात भेटला. म्हणाला, "मायचा हात सुजला. ताप आला. ती म्हन्ते, देवीवाल्यानं सांगतलं होतं अस्संच होईन." त्याच्या आवाजात काळजी होती की कौतुक, मला कळलं नाही. मी म्हटलं, तिला म्हणावं, खाजवू नको.

आणि नेमक्या त्याच दिवशी, ज्या दिवशी मला सोनामायकडे जायचं होतं, सिंदी रेल्वेहून निरोप आला. कापूस बाजारात आणखी एक संशयित रोगी. जीप दारात उभी, लसीचा डबा आत, सगळ्यांनी ताबडतोब बसा. मी जीपपाशी गेलो आणि पाय रोवून उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, आज मला तिकडं जायचंय."

बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. एका म्हातारीचा हात पाहायला हा साथ सोडून निघाला! साहेबांनी घड्याळ पाहिलं, मला पाहिलं. म्हणाले, "जा. सिंदीला मी आहे. मलाही टोचता येतं." जीप गेली. मी सायकल काढली. उन्हात एवढ्या जोरात सायकल मी पुन्हा कधी मारली नाही.

गावाच्या वेशीत शिरलो तर मातामायच्या निंबाखाली ही गर्दी. मला वाटलं, झालं, काहीतरी वाईट झालं. सायकल तशीच टाकली आणि पुढं गेलो. गर्दीच्या मधोमध सोनामाय बसली होती, बाही खांद्यापर्यंत वर केलेली. हातावर सुरेख, भरलेला, मधे खळगा पडलेला फोड. लस धरली की जसा यायला पाहिजे अगदी तसा. जो तो वाकून पाहत होता. समोर दगडांपुढे दहीभात ठेवलेला, आणि बाजूला तिच्या दारावरची वाळलेली डहाळी.

मला पाहिल्यावर ती म्हणाली, "आला?"

"आलो, माय."

ती उठली. मातामायच्या दगडांकडे तोंड करून, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माय, मी तुह्या नावानं खोटा निंब लावला. तू आलीच नोयती माह्या घरी. पोलिसाच्या भेवानं लावला, माह्या लेकराच्या मायेनं लावला. शिक्षा करायची त मले कर. माह्या गजूले नको करू, या गावातल्या कोन्या लेकराले नको करू." मग तिनं डहाळी उचलली आणि दगडांपाशी ठेवली. दोन बाया रडत होत्या. ज्यांच्या दारावर तिच्यामागं निंब लागले होते ती माणसं एकमेकांकडे पाहून घराकडे वळली, आणि मला दिसलं की ती डहाळ्या उतरवायला चालली आहेत. भोयर हवालदारांना नंतर ही गोष्ट सांगितली तर म्हणाले, "मले वाटलंच होतं." त्यांना नेहमी सगळं वाटलेलंच असायचं.

सोनामाय पुन्हा बसली. "आन वो गजूले," तिनं सुनेला हाक मारली. सून गजूला घेऊन पुढं आली. पोरगं माझ्या पिशवीतल्या बाटलीकडे हात करत होतं. सोनामायनं त्याला मांडीवर घेतलं, ज्या मांडीवर कमलला घेतलं होतं त्याच. त्याचा गुबगुबीत हात तिनं आपल्या मुठीत घट्ट धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, "टोच."

मी टोचलं. गजूनं आधी आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग सारं शिवार ऐकेल असा गळा काढला. सोनामायनं डोळे उघडले. थेंब सुकेपर्यंत त्याच्या हातावर फुंकर घालत राहिली. पुसला नाही. मागं बायांची रांग लागली होती, कडेवर लेकरं घेऊन.

मी पुढच्या लेकराकडे वळलो तशी तिनं माझा सदरा मागून ओढला.

"आठवड्यानं येजो. पोराचा हात पायाले."

"येईन, माय."

"नाई आला त हिंगणघाटले तुह्यावर केस करतो मी."

तशी केस करायची सोय कायद्यात नव्हती. तरी आठवड्यानं मी गेलो.